कुपीवरचा लाल दोरा

१

सन एकोणीसशे सत्त्याऐंशी, हिवाळा सरल्यानंतरचा पहिला आठवडा. सकाळी शाल लागत होती आणि दुपारी तीच शाल खुर्चीच्या पाठीवर पडून राहत होती. मण्यांच्या कामाला वर्षातले हे दिवस सगळ्यांत चांगले. बोटांना घाम येत नाही आणि उजेड खरं बोलतो.

माझा दिवस ठरलेला होता. मुलगी कामावर गेली की मी टेबल खिडकीशी ओढत असे. त्यावर जाड पांढरा कपडा, कपड्यावर पत्र्याचं उथळ ताट, ताटात मणी. दोऱ्याला मेण लावायचं, सुई ओवायची आणि बसायचं. मणी बोटांनी उचलायचा नसतो. सुईच्या टोकाने टिपायचा, पाखरू दाणा टिपतं तसा. ज्याला हे जमत नाही त्याने मण्यांच्या नादी लागू नये.

मी शिकलेला माणूस नाही. शाळा चौथीत सुटली, तरुणपण गोदामात पोती शिवण्यात गेलं. बोटाएवढ्या सुईवरून केसाएवढ्या सुईवर आलो तो स्वतःच्या हिमतीवर. माझ्या मण्यांच्या गळपट्ट्यांना लांबून गिऱ्हाईक येई, कारण माझी वीण सुटत नसे. एक टाका तुटला तरी शेजारचे टाके त्याला धरून ठेवत. असा पट्टा उकलायचा तर विणला त्याच्या उलट क्रमानेच उकलावा लागतो, आणि तो क्रम फक्त मला ठाऊक असे.

इमारतीच्या मागे बसस्थानक होतं. मुलगी तिथे कर्ण्यावरून गाड्या पुकारायची. फलाट कोणता, गाडी कोणती, सुटते कधी. तिचा आवाज माझ्या खिडकीतून आत येई, म्हणून मी घरात घड्याळ ठेवलं नव्हतं. तिची आई गेल्यापासून ती घरात कमी बोले, मी त्याहून कमी. तिचं दिवसभराचं बोलणं मला असं परक्या उतारूंबरोबर ऐकायला मिळे. मला तेवढं पुरत असे.

त्या आठवड्यात समोरची शिंपीण जिना चढून आली. हातात मी केलेला गळपट्टा होता. म्हणाली, हा आवळतो.

२

माझ्या पट्ट्यांना धातूची कडी नसे. एका टोकाला मण्यांचं गोल बटण, दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा फास. फास बटणावर चढला की पट्टा बसला. शिंपिणीचा फास बटणापर्यंत पोचत नव्हता. मध्ये बोटभर मान उघडी राहत होती.

मी तिला सांगितलं, मान सुजली असेल, वैद्याला दाखव. ती शिलाई करणारी बाई, मापं तिच्या हाडात.

ती म्हणाली, "मान माझीच आहे. पट्टा तुमचा आहे."

"काच आखडत नाही."

"मग गिऱ्हाइकाची मान वाढते म्हणायचं? बरं आहे. मीही उद्यापासून झंपर घट्ट शिवते आणि हेच सांगते."

मी पट्टा ठेवून घेतला. ती गेल्यावर एक साधा विचार केला. दोरा ओला झाला तर आखडतो. मी तशाच दोऱ्याचा तुकडा पाण्यात बुडवला, चुलीजवळ टांगला, वाळू दिला. होता तेवढाच राहिला. मग भिंग लावून पट्टा बघितला.

ओळी नीट होत्या. मेण होतं. टोकाची गाठ माझीच होती, माझ्यासारखी डावीकडे वळलेली. पण मणी कमी होते. दर ओळीत मी राखाडी मणी थोडे थोडे पेरले होते, ते काही ठिकाणी नव्हतेच.

मणी फुटू शकतो. काचच ती. पण मणी फुटला तर दोरा तिथे मोकळा लोंबतो, आणि सापडतात त्या काचेच्या कपच्या. इथे दोरा कुठे मोकळा नव्हता. मणी गेला होता आणि शेजारचे दोन मणी सरकून एकमेकांना भिडले होते. जणू तो कधी ओवलाच नव्हता. दोरा न कापता ओवलेला मणी काढता येत नाही. हे मला कोणी शिकवायला नको.

तरी मी स्वतःला म्हटलं, म्हातारा झालास, विणताना चुकला असशील. मग पेन्सिल घेतली, पट्टा टेबलावर पसरून त्याच्या कडेने रेघ ओढली. त्यावर परात पालथी घातली आणि परातीवर इस्त्री ठेवली.

सकाळी परात उचलली. इस्त्री होती तिथेच होती. पट्टा माझ्या रेघेच्या आत पडला होता. चारही बाजूंनी टेबलाचं लाकूड दिसत होतं.

३

ते राखाडी मणी माझे नव्हते.

खालच्या मजल्यावर, बरोबर माझ्या खोलीखाली, एक म्हातारी मणीवाली राहत असे. सगळे तिला सुईआजी म्हणत. मी बाई म्हणत असे. ती मला कारागीर म्हणे, आणि ते म्हणताना एका बाजूने हसे. मी तिच्या खिडकीतून बघून बघून शिकलो असं ती सगळ्यांना सांगायची. मी कोणाचा शिष्य नाही. खिडकीतून दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. विणता विणता रंग संपला तर दुसऱ्याकडून उसने मणी घ्यायचे. परत करायचे ते त्याच घाण्यातले. भट्टीतून एका वेळी जो काच-रस निघतो तो एक घाणा, आणि दोन घाण्यांचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही. दोन बहिणींचा आवाज जुळतो तसा जुळतो, लांबून.

आदल्या हिवाळ्यात माझा राखाडी रंग संपला. मी बाईकडे गेलो. तिने काचेची एक लांबट कुपी पुढे केली. मणी जिथवर होते तिथे तिने कुपीला बाहेरून लाल दोरा बांधला.

"मोजत बसू नको," ती म्हणाली. "दोऱ्यापर्यंत आणून दे. हेच."

त्या मण्यांची गोष्ट अशी की दिव्याखाली ते विझल्या कोळशावरच्या राखेसारखे दिसत. उन्हात धरले की आत, अगदी पोटात, लाल दिसे. निखारा जिवंत असावा तसं. मी त्यातून दोन पट्टे केले. एक शिंपिणीने घेतला. दुसरा मुलीला स्थानकावर नोकरी लागली तेव्हा तिच्यासाठी.

मुलगी विसराळू. कानातलं नळावर, अंगठी पिठाच्या डब्यात. ती म्हणाली, काढायचाच नाही तर फास-बटण कशाला? म्हणून मी तिचा पट्टा तिच्या मानेवरच विणून बंद केला. सांधा कानामागे, केस पडतात तिथे. तो सांधा भिंग लावूनही कोणाला सापडला नाही. माझ्या हातचं सर्वांत चांगलं काम ते.

पुढे दुकानात राखाडी मणी आले. मी संध्याकाळी जाऊन घेतले, दुकानाच्या दिव्याखाली जुन्याशी ताडून बघितले, जुळले. कुपी दोऱ्यापर्यंत भरून बाईला नेऊन दिली. तिने ती खिडकीत धरली.

"हे माझे नाहीत. यांच्या पोटात लाल नाही."

मी म्हणालो, "पोट कोण बघतो?"

"माणसाचं दिसत नाही म्हणून नाही बघत. मण्याचं दिसतं."

तिने मणी कागदाच्या पुडीत ओतले, पुडी बाजूला ठेवली आणि रिकामी कुपी खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली. माझे येतील तेव्हा भरेन, म्हणाली. माझ्या बाजूने व्यवहार पुरा झाला होता. त्यानंतर तिची दृष्टी जात गेली, मग बोलणंही थांबलं. मी खाली जायचा थांबलो तो त्याआधीच.

४

शिंपिणीचा पट्टा रोज थोडा आत सरत गेला. मी रोज नवी रेघ ओढली. टेबलावर एकात एक रेघा झाल्या, कापलेल्या ओंडक्यावर दिसतात तशा.

त्याच दिवसांत मला एक आवाज ऐकू यायला लागला. खालून, फरशीतून. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टिक. आधी वाटलं, खालचा नळ गळतो. पण पाण्याचा थेंब ओला वाजतो. हा कोरडा होता. काचेवर काच.

बाईची सून जिन्यात भेटली. मी तिला नळ दुरुस्त करून घ्यायला सांगितलं.

ती म्हणाली नळ कालच बदलला, आणि वरच्या लोकांना खालच्यांचं सगळंच ऐकू येतं, खालच्यांना मात्र वरच्यांचा पत्ता नाही. बरं आहे, देवानेच जिना तसा केला. बडबडी बाई, मनाने चांगली. मी सासूची चौकशी केली.

"बऱ्या आहेत. जेवतात, झोपतात. बाकी दिवसभर खिडकीत बसून टिपत असतात."

"काय टिपतात?"

"काही नाही हो. ताट मांडीवर घेतात, सुई हातात घेतात आणि टिपतात. ताट रिकामं. मी एकदा त्यात मूठभर मणी टाकले, म्हटलं बिचारीला खेळायला होतील. त्यांनी ताट उपडं केलं."

मी वर आलो. म्हातारपणी हात जुनी कामं विसरत नाहीत. माझी आई शेवटी अंथरुणावर भाकऱ्या थापत असे, हवेत. यात नवल काही नाही.

खुर्चीत बसलो आणि ऐकत राहिलो. टिक. मी पट्ट्याकडे बघत होतो. पट्टा हललेला मला दिसला नाही. पण बघता बघता एका ओळीत शेजारी शेजारी दोन पांढरे मणी होते, जे मी तसे कधी ठेवले नव्हते.

मी शिंपिणीला निरोप पाठवला, तुझा पट्टा नव्याने करून देतो. जुन्यात राखाडी मणी एकही उरला नव्हता; तो कपाटात टाकला आणि दार लावलं. मला वाटलं, प्रकरण त्या कपाटापुरतं आहे.

५

मग एका दुपारी कर्ण्यावरचा आवाज अडखळला.

ती फलाटाचा आकडा बोलली, थांबली, खाकरली आणि पुन्हा बोलली. उतारूंच्या हे ध्यानात आलं नसेल. मी सुई खाली ठेवली.

संध्याकाळी मी तिला विचारलं नाही. तीच म्हणाली, घसा बसलाय, धुरळा फार आहे स्थानकात. मी कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. तिने गुळण्या केल्या. मान वर केली तेव्हा मी तिचा पट्टा बघितला. पूर्वी त्याच्या खाली माझं एक बोट सहज जात असे. विणतानाच मी तेवढी जागा ठेवली होती.

"इकडे ये," मी म्हणालो.

ती आली. माझं बोट गेलं नाही. नखही जेमतेम गेलं.

"जाड झाले असेन," ती म्हणाली. "स्थानकावर भजी फार स्वस्त मिळतात." आणि हसली. हसणं अर्धंच आलं.

मी म्हणालो, "हो. झाली असशील."

त्या आठवड्यात मी एकही ओळ विणली नाही. टेबल खिडकीशी ओढायचो, दोऱ्याला मेण लावायचो आणि ऐकत बसायचो. एका कानाला कर्णा, दुसऱ्या कानाला फरशी. खालून टिक झालं की पुढची गाडी ती जरा बारीक आवाजात पुकारायची. मी स्वतःला बजावलं की माणूस जे शोधतो ते त्याला सापडतं. टिक न होता आवाज बसतो का ते बघितलं. तसं झालं नाही. टिक होऊन आवाज बसला नाही, असं तरी होतं का ते बघितलं. तेही झालं नाही.

नंतर तर ती मोठी वाक्यं तोडून बोलायला लागली. फलाट. मग श्वास. मग आकडा.

६

रविवारी तिने स्वतःच आरसा टेबलावर आणून ठेवला. आवाज जवळजवळ नव्हता.

"बाबा, हा कापा."

मी म्हणालो, "कापतो."

मी माझं काम कधी कापलेलं नाही. तिला हे ठाऊक होतं, म्हणून तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि मग मान सरळ केली.

कात्रीचं पातं खाली जाईना. कातडी पट्ट्याच्या दोन्ही कडांना फुगून वर आली होती. मग ब्लेडचं टोक दोन मण्यांच्या मध्ये वरून ठेवलं आणि दाबलं. दोरा तुटला. मला तो तुटल्याचं बोटाला कळलं. पट्टा सुटला नाही. शेजारच्या टाक्यांनी त्याला धरलं. मी दुसरीकडे कापलं, तिसरीकडे कापलं. कुठे काही सैल झालं नाही. ब्लेड एकदा सरकलं आणि तिच्या मानेवर बारीक रक्त आलं. मी ब्लेड ठेवून दिलं.

एक टाका तुटला तरी दुसरे धरतात. ही शेखी मी आयुष्यभर मिरवली.

उलट क्रमाने उकलायचं तर दिवस लागला असता आणि मी तेच करायला बसलो. कानामागचा सांधा सुईने चाचपत होतो. तेवढ्यात खालून लागोपाठ दोनदा टिक झालं. तिने माझं मनगट पकडलं. माझ्या सुईखाली जो राखाडी मणी होता तो तिथे नव्हता.

असं उकलणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं होतं. मी सुई टेबलावर ठेवली, चप्पल घातली आणि खाली गेलो. तिला सांगितलं, वरच थांब.

७

सूनबाईने दार उघडलं. हाताला कणीक होती. म्हणाली, वाट चुकलात का. मी आत गेलो.

खोली तशीच होती. भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर मण्यांच्या बरण्या, सगळ्यांवर धूळ. जमिनीवर चटई. खिडकीत बाई. तिच्या मांडीवर पत्र्याचं ताट होतं, माझ्यासारखंच. माझंच तिच्यासारखं होतं म्हणायला हवं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट तिच्या हातांवर पडलं होतं. कट्ट्यावर कुपी उभी होती.

कुपी रिकामी नव्हती. राखाडी मणी लाल दोऱ्याच्या पुष्कळ जवळ आले होते. त्यांच्या पोटात ऊन शिरलं होतं आणि आत लाल दिसत होतं.

मी मनाशी म्हणालो, सुनेने भरले असतील. कोणाकडून आणले असतील. सुनेला विचारायला मी वळणार होतो. ती स्वयंपाकघरात पोळपाट वाजवत होती.

बाईचा हात ताटाकडे गेला. डोळे उघडे, पांढुरके, खिडकीकडे. सुईचं टोक ताटाच्या तळाला टेकलं, थोडं फिरलं, ओळखीची जागा शोधावी तसं. ताट रिकामं होतं. तळाला एक ओरखडाही मला दिसत होता, इतकं रिकामं. मग तिने मनगट जरासं वर उचललं. आम्ही सगळेच उचलतो तसं.

सुईवर मणी होता.

तिने तो अंगठ्याने पुसला आणि कुपीत सोडला. टिक.

माझ्या मागे दारात कोणीतरी भिंतीला हात टेकला. मी वळलो. मुलगी माझ्या मागोमाग खाली आली होती. एक हात भिंतीवर, दुसरा गळ्याशी. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं, ना शब्द ना श्वासाचा आवाज.

बाईचा हात पुन्हा ताटाकडे निघाला.

मी म्हणालो, "बाई, मी आणतो. तुम्ही घेऊ नका. मी देतो."

हात थांबला नाही. पण हळू झाला.

८

मी मुलीला बाईच्या समोर, खिडकीतल्या उन्हात, चटईवर बसवलं. तिचे केस बाजूला केले. बाईच्या उशीवर टोचलेल्या सुयांमधली एक सुई घेतली. विचारलं नाही.

सांधा सापडला. स्वतःच लपवलेली वस्तू होती, हाताला ठाऊक होती. शेवटच्या टाक्याचं शेपूट सुईने वर काढलं, ओढलं आणि पहिला मणी सुटला. पांढरा होता. मी तो खाली टाकला. मणी जमिनीवर पडू देणारा माणूस मी नव्हे, पण पडू दिला. दुसरा पांढरा. तिसरा राखाडी. तो मी कट्ट्याकडे हात करून कुपीत सोडला.

टिक.

बाईची सुई ताटावर टेकली होती. वर आली तेव्हा तिच्यावर काही नव्हतं.

मग मला समजलं की हे कसं करायचं. मी दिला तर ती घेत नव्हती. मला उशीर झाला तर घेत होती. मी उकलत गेलो. ओळीमागून ओळ, जशी विणली होती तशी उलटी. एके ठिकाणी ब्लेडने कापलेला दोरा अडकला, टोक सापडेना, आणि तेवढ्यात बाईने मनगट उचललं. टिक. मुलीचं डोकं मागे माझ्या छातीवर आलं. मी टोक दातांनी पकडलं आणि ओढलं.

सूनबाई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिला गप्प बघितलेलं मला तेवढंच आठवतं.

खाली जमिनीवर पांढरे मणी, हिरवे मणी, माझ्या हातचं सर्वांत चांगलं काम. कोणाच्या तरी पायाने ते घरंगळत चटईखाली गेले.

पट्ट्याची रुंदी एका ओळीवर आली तेव्हा तो आपोआप ढिला पडला. मुलीने श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज फार मोठा होता. मानेवर मण्यांचे वळ होते, ओळी आणि मोकळ्या जागा, सगळी नक्षी.

"बाबा," ती म्हणाली. "पाणी."

सूनबाई पाण्याला धावली.

शेवटच्या ओळीतले राखाडी मणी मी तळहातावर घेतले आणि एकेक करून कुपीत सोडले. मग बाईला हात झटकून दाखवला. तिला दिसणार नव्हतं, तरी दाखवला.

बाईने सुई धरलेला हात मांडीवर ठेवला. दुसऱ्या हाताने कट्टा चाचपला, कुपी उचलली आणि माझ्या समोर धरली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज गंजलेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"कारागीर. पोटात लाल आहे?"

मी कुपी उन्हात धरली. खिडकीतून मागचं स्थानक दिसत होतं. कर्णा गप्प होता.

"आहे," मी म्हणालो.

"दोऱ्यापर्यंत आली?"

मी बघितलं. वरचे मणी दोऱ्याच्या रेघेत बसले होते, ना खाली ना वर.

"आली."

तिने बरणीमागून एक जुनी कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. माझे मणी. मग कुपी माझ्याकडून घेतली, बोटाने दोरा चाचपला आणि सुई उशीत टोचून ठेवली.